फ्लेक्सखालची रिकामी पट्टी

(अहमदपूर. तहसील कचेरीसमोरचं टायपिंगचं दुकान. दुपारचे अडीच. शटर अर्धं खाली.)

विनीता — ...मग तुम्ही नाही सांगितलं, तर कुणी सांगितलं? कागद टाइप होत होता तेव्हा इथं तुम्ही होतात आणि मी होते. तिसरं कुणी नव्हतं.

महामाया — मॅडम, आधी बसा. तुमी उभ्यानं बोललात की मलाबी उठावं वाटतंय, अन् माझे गुडघे आज उठून न्हाई राहिले.

विनीता — मला बसायला वेळ नाही हो. पाच वाजेपर्यंत शाळेत लेखी खुलासा द्यायचा आहे. संस्थेनं नोटीस दिली आहे. मला! मुख्याध्यापकांविरुद्ध तक्रार मी केली आणि नोटीस मलाच.

महामाया — कशाची नोटीस?

विनीता — 'गोपनीय तक्रारीचा मजकूर शिक्षकांच्या ग्रुपवर पसरवून मार्तंड सरांची बदनामी केली.' दोन वर्षं मी घरातसुद्धा तोंड उघडलं नाही, आणि मी ग्रुपवर टाकेन? तो मजकूर माझ्याकडून गेला नाही हे आज दाखवता आलं नाही, तर निलंबन. आणि निलंबित बाईची तक्रार कोण वाचतं? तक्रार समिती म्हणेल, ही सूडानं बोलते आहे. फाइल बंद.

महामाया — सर रिटायर होऊन राहिलेत ना या महिन्यात?

विनीता — होताहेत. एक तारखेपासून संस्था त्यांना सल्लागार म्हणून ठेवणार आहे. तीच खोली, तीच खुर्ची. म्हणून तर मी आत्ता तक्रार केली.

महामाया — मॅडम, मी तुमचा कागद टाइप केला. दोन प्रती काढल्या. पेन ड्राइव्हवर दिला. मशीनमधला तुमच्यासमोर पुसला का न्हाई?

विनीता — पुसलात.

महामाया — शटर कुणी खाली घेतलं? फ्लेक्सवाल्या गुंडप्पाला चहाच्या नावानं बाहेर कुणी पाठवलं?

विनीता — तुम्हीच.

महामाया — अन् तरी मीच?

विनीता — श्रीनाथ म्हणाले, माझे मिस्टर, टायपिंगवाली बाईच असणार. दुसरं कोण? दिवसभर तहसीलसमोर बसते, दहा लोकांत उठबस. कुणीतरी चहा पाजला असेल, बोलून गेली असेल.

महामाया — चहा पाजला. वा! मॅडम, चोवीस वर्षं झाली मला या खुर्चीत. निम्म्या तालुक्याच्या वाटण्या, फारकती, भांडणं या बोटांतून गेली. माझ्या सख्ख्या नणंदेची फारकत मी टाइप केली, अन् आमच्या घरात ती सहा महिन्यांनी कळली. माझा नवरा आनंदराज अजून टोमणे मारतो. सख्ख्या बहिणीचं, अन् मला सांगितलं न्हाईस म्हणून.

विनीता — मग माझंच कसं बाहेर आलं?

महामाया — ऐका जरा. माझे वडील, व्यंकटराव, त्यांना लिहिता येत नव्हतं. अर्ज लिहून घ्यायचा तर दुसऱ्याच्या ओट्याखाली, अंगणात उभं राहायचं. वर बसून तो लिहायचा. अन् अर्ज तहसीलला पोचायच्या आधी गावात पोचायचा. संध्याकाळी विचारणा व्हायची, 'का रे व्यंकट्या, आमच्यावर अर्ज करतो का?' वडील घरी येऊन जेवायचे न्हाईत. ते बगून मी टायपिंग शिकले. चार लोकांचा कागद कुणाच्या तोंडी लागू नये, एवढ्यापायी. अन् तुमी म्हणता, चहा.

विनीता — बसते मी. चुकलं माझं. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. आता कोण खरं बोलतं आणि कोण नाही, हेच कळेनासं झालंय मला.

महामाया — पाणी घ्या. माठातलं हाय. अन् ते ग्रुपवरचं दाखवा एकदा.

विनीता — हे बघा. चार ओळी आहेत. '...शाळा सुटल्यावर कार्यालयात थांबवून घेतात व...' इथं कापलंय. खाली माझं नाव, अर्धं. टाकलं कुणी तर एका अनोळखी नंबरवरून. मिनिटभर ठेवलं आणि काढून टाकलं. तेवढ्यात चाळीस जणांनी बघितलं.

महामाया — हा माझाच फाँट हाय. ओळीबी माझ्याच हातच्या. अल्पविरामानंतर मी दोनदा जागा सोडते, टाइपरायटरची खोड, ती हाय बगा इथं. हे माझ्याच मशीनचं हाय, मॅडम.

विनीता — मग?

महामाया — मग मला मालूम न्हाई! लेकीची आण घेऊन सांगते, मला मालूम न्हाई. सकाळी तुमचा फोन आला तवापासून माझ्या पोटात अन्नाचा कण न्हाई.

संगमेश्वर — अक्का, शटर अर्धं का गं? आत हायस का?

महामाया — हाय, हाय. वाकून ये. मॅडम, हा संगमेश्वर, उदगीरचा. माझी मशीन हाच बगतो. तुमचा फोन ठेवला अन् याला लावला.

संगमेश्वर — नमस्कार मॅडम. अक्का फोनवर रडून राहिली होती. बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकलो. यष्टीची वाट न बगता जीपला लटकून आलो. काय झालं, व्हायरस?

विनीता — माझा एक खासगी कागद इथं टाइप झाला आणि बाहेर गेला. हा फोटो. एक प्रत सीलबंद पाकिटात समितीकडं, दुसरी माझ्या कपाटात कुलूपबंद आहे. पेन ड्राइव्ह पर्समध्ये. ताई म्हणतात, त्यांनी दिला नाही.

संगमेश्वर — द्या बरं मोबाइल. मोठं करतो. हं. मॅडम, कागदाचा फोटो असता तर कडा पांढऱ्या असत्या. ही वरली कड बगा. पिवळी हाय. केशरी पण हाय थोडी.

महामाया — झेंडू हाय तो.

संगमेश्वर — काय?

महामाया — झेंडूचा हार. मार्तंड सरांच्या सेवापूर्तीचा फ्लेक्स. फोटोखाली झेंडूची माळ लावली होती. गुंडप्पानं बनवला, त्याच दिवशी दुपारी.

विनीता — कुठं बनवला?

महामाया — हितंच.

विनीता — माझी तक्रार आणि सरांच्या सत्काराचा फ्लेक्स, एकाच कॉम्प्युटरवर?

महामाया — दुकानात मशीनच एक हाय, मॅडम. अकरापासून दोनपर्यंत माझं टायपिंग, नंतर गुंडप्पाचे फ्लेक्स. त्याचं लॉगिन अलग, माझं अलग. माझा पासवर्ड त्याला मालूम न्हाई.

विनीता — मग त्यानंच कसा तरी उघडला असेल.

महामाया — त्यानं? अहो, तो कन्नड शाळेत शिकलेला. मराठी बोलतो फाडफाड, पण वाचताना अडखळतोय. गिऱ्हाईक मोबाइलवर नावं पाठवतेत, तो तिथून उचलून इथं चिकटवतो. मागं एका बारशाच्या फ्लेक्सवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' चिकटवली होती येड्यानं. तो तुमची तक्रार शोधून वाचणार?

संगमेश्वर — वाचायची गरजच न्हाई पडली असंल. अक्का, सरक. न्हाई, थांब, तूच बस. तुझ्या लॉगिनात जा. काहीबी टाइप कर, मोठ्या अक्षरात.

महामाया — काय टाइप करू?

संगमेश्वर — काहीबी. मोंढ्यातलं कर.

महामाया — सोयाबीन, तूर, करडी, उडीद... बास?

संगमेश्वर — बास. सेव्ह करू नको. बंद कर. लॉगिनातून बाहेर ये. आता गुंडप्पाचं लॉगिन मी उघडतो. फ्लेक्सचं सॉफ्टवेअर. नवीन पान. वरच्या भागात हा फोटो टाकला. खाली काय असतंय नेहमी?

महामाया — खाली शुभेच्छुकांची पट्टी. ती रिकामीच सोडतो तो. कुणाचा फोटो आधी, कुणाचा मोठा, यावरून छापायच्या घडीपर्यंत भांडणं चालतेत. म्हणून आधी वरचं दाखवायला पाठवायचं, पट्टी मागून भरायची.

संगमेश्वर — म्हणजे पट्टीत काहीच न्हाई. रंगबी न्हाई.

महामाया — काहीच न्हाई.

संगमेश्वर — तसंच सोडतो. आता मोबाइलवर पाठवायला फोटो बनवतो. बनला. उघडतो.

विनीता — करडी.

महामाया — काय?

विनीता — खाली बघा. फिकट आहे. '...तूर, करडी, उडी...' तुम्ही आत्ता टाइप केलेलं.

महामाया — मी तर बंद केलं. सेव्हबी केलं न्हाई! संगमेश्वर, हे कसं आलं?

संगमेश्वर — अक्का, ह्या मशीनमधी चित्र दाखवायचं कार्ड हाय ना, गुंडप्पाच्या फ्लेक्ससाठी बसवलेलं? त्याची स्वतःची मेमरी असते. पडद्यावर जे दिसतं ते आधी तिथं मांडलं जातं. तुझं काम झालं की ती जागा पुढच्या सॉफ्टवेअरला मिळते. देताना ती पुसून द्यायची असते. कार्ड चालवणारं एक सॉफ्टवेअर असतं, ड्रायव्हर म्हणतेत, ते काम त्याचं. हा ड्रायव्हर पुसतच न्हाई. हॉटेलवाल्यानं कप न विसळता पुढच्याला चहा द्यावा तसं.

विनीता — पण पासवर्ड? वेगवेगळं लॉगिन?

संगमेश्वर — ते फाइलीला कुलूप हाय, मॅडम. फाइल कुलपातच हाय. हे पडद्याचं उष्टं हाय. वर रंग भरला असता तर झाकलं गेलं असतं. रिकामी पट्टी होती, म्हणून दिसलं.

विनीता — आणि तो फ्लेक्सचा फोटो गुंडप्पानं कुणाला पाठवला?

महामाया — तुमच्या शाळेच्या क्लार्कला. फ्लेक्सचं काम त्यांच्याकडनंच आलं होतं.

विनीता — क्लार्कनं सरांना दाखवला. सरांनी वरचा स्वतःचा फोटो कापला, खालच्या ओळी ठेवल्या, आणि ग्रुपवर टाकायला लावल्या. म्हणजे बदनामी माझ्या नावावर. आता कळलं. तीन दिवसांनी एकदाचं काहीतरी कळलं.

महामाया — म्हणजे मी न्हाई ना सांगितलं?

विनीता — नाही, ताई. तुम्ही नाही सांगितलं.

महामाया — सकाळपासून मला वाटून राहिलं होतं, मी झोपेत बोलते का काय. का वय झालं अन् कुणाबी पिंट्यापप्पूशी बोलून बसले, अन् आठवण न्हाई. लई भ्याले होते मी, मॅडम. तुमी शिव्या देसाल त्याला न्हाई. स्वतःला भ्याले होते.

विनीता — रडू नका. मलाही रडू येईल, आणि मला अजून शाळेत जायचं आहे. संगमेश्वर, तुम्ही आत्ता बोललात तेच लिहून द्याल? हा दोष खरा आहे, याला काही पुरावा आहे का?

संगमेश्वर — हाय की. कार्डाच्या कंपनीनं स्वतःच सूचना काढली. 'आमच्या ड्रायव्हरमधी दोष हाय, दुसऱ्याची माहिती उघडी पडू शकते' अशी. दुरुस्त ड्रायव्हर पण फुकट दिला. छापून देतो, बाहेरच्या दुकानातून.

विनीता — कधी काढली सूचना?

संगमेश्वर — कधी म्हणजे... झाले काही दिवस.

विनीता — किती दिवस?

संगमेश्वर — सात महिने.

विनीता — सात महिने? मग इथं ती दुरुस्ती का नाही झाली?

संगमेश्वर — अक्का?

महामाया — बोल. लपवायचं काय त्यात?

संगमेश्वर — तूच बोल.

महामाया — मीच अपडेट बंद करायला लावले, मॅडम. सगळे. परसाल एक आपोआप झाला, अन् माझा जुना मराठी फाँट उडाला. टाइपरायटरच्या कीबोर्डवरला, ते यूएसबीला छोटी किल्ली लावून चालतोय तो. वकिलांना, दस्तवाल्यांना तोच लागतोय. दुकानापुढं माणसं उभी अन् पडद्यावर नुसते चौकोन! 'क्ष' गेला, 'ज्ञ' गेला, रफार गेला. दोन दिवस दुकान ठप्प. लोकं म्हणाली, बाईला येत न्हाई. तवा मी याला म्हटलं, काहीबी कर, पण या मशीनला हात लावू देऊ नको कुणाला.

संगमेश्वर — अन् मी बंद करून ठेवलो. दसऱ्याच्या आधी मेसेज पण केलो, 'अक्का, कार्डाचा ड्रायव्हर बदलावा लागतोय, सिक्युरिटीचं हाय.' अक्कानं अंगठा पाठवला.

महामाया — अंगठा पाठवला अन् विसरले. न्हाई. खोटं कशाला बोलू? विसरले न्हाई. वाचलं, अन् म्हटलं, मार्च निघू दे. मार्चात लई गर्दी. मार्च निघाला, एप्रिल लागला. मग म्हटलं, चालून तर राहिलंय. कशाला खाजवून खरूज काढा?

संगमेश्वर — चुकी माझी पण हाय. मी जोर न्हाई केला. फाँट परत बसवायला आख्खा दिवस जातो अन् अक्काची बडबड वरून. मी पण म्हटलो, राहू दे.

विनीता — म्हणजे दोघांनाही माहीत होतं.

महामाया — हाव.

विनीता — मला वाटलं होतं, कुणीतरी वाईट माणूस निघेल. राग काढायला तरी. आता तुमच्यावर काय चिडू मी?

महामाया — चिडा. बरं वाटंल मला.

विनीता — अंगात त्राण नाही चिडायला.

संगमेश्वर — अक्का. जरा इकडं बग.

महामाया — आता काय?

संगमेश्वर — गुंडप्पानं आजवर पाठवलेले फ्लेक्सचे फोटो एका फोल्डरमधी हायत. सहज उघडून बगतोय. सगळ्यांत न्हाई, पण काहींत हाय. हा वाढदिवसाचा. खाली काहीतरी 'अर्जदार'. हा दुकानाच्या उद्घाटनाचा, कोपऱ्यात आधार नंबर. अन् हा बग, 'सदर विवाहिता नांदावयास तयार नसून...'

महामाया — बंद कर.

संगमेश्वर — तारामती असं नाव...

महामाया — बंद कर म्हटलं ना! नाव घेऊ नको. तिनं नाव घेऊ नको म्हणून हात धरला होता माझा, इथं, या खुर्चीत. दिवाळीत पोरीला घेऊन आली होती. मागच्या महिन्यात रस्त्यात दिसली, मी हसले, तिनं मान फिरवली. मला वाटलं, उन्हानं दिसलं नसंल.

विनीता — एकूण किती आहेत?

संगमेश्वर — अकरा. आत्तापर्यंत तरी अकरा. बाकी बगायचे हायत.

महामाया — सात महिने! अन् मी सांगत फिरते, माझ्याकडनं कागद बाहेर जात न्हाई. त्या अर्ज लिहिणाऱ्यात अन् माझ्यात मग फरक काय राहिला? तो तरी तोंडानं सांगायचा.

विनीता — ताई, असं नका बोलू. त्यानं मुद्दाम सांगितलं, तुम्ही...

महामाया — ज्याचा कागद उघडा पडला त्याला काय करायचंय, मुद्दाम का गलतीनं?

विनीता — सव्वातीन झाले. मला एक विचारायचं होतं, पण आता तोंड होत नाही.

महामाया — विचारा.

विनीता — हे लिहून हवं होतं मला. तुमच्या सहीचं. की मजकूर इथून, या मशीनमधून गेला. पण त्यात दुकानाचं नाव येणार.

महामाया — दुकानाचं नाव आलं तर उद्यापासून कोण येईल माझ्याकडं? तहसीलसमोर दहा टायपिंगवाले बसलेत, मॅडम. सगळ्यांच्या मशीनी माझ्यापेक्षा नव्या. माझ्याकडं लोकं येतेत ते फक्त एका गोष्टीपायी. बाई बोलत न्हाई. अन् मीच लिहून देऊ, माझ्याकडनं गेलं म्हणून?

संगमेश्वर — मी एक सांगतो. मी मेकॅनिक म्हणून लिहून देतो. 'एका मशीनमधी असा दोष आढळला.' दुकानाचं नाव नको, अक्काचं नाव नको, अपडेटचं पण नको. भागंल का, मॅडम?

विनीता — समोर कोण आहे ते बघितलंत का? पहिला प्रश्न, कोणतं मशीन? दुसरा, कुणाचं? उत्तर नाही मिळालं की म्हणतील, बाईनं एक मेकॅनिक पकडून आणला.

संगमेश्वर — बरोबर हाय. मी पण तेच विचारलो असतो.

विनीता — सोडा. राहू दे. मी जाते. श्रीनाथ म्हणतात, मिटवून टाक, राजीनामा दे, आपण लातूरला जाऊ, तिथं शाळांना काय तोटा? कदाचित त्यांचंच बरोबर असेल. मला खरंच फार कंटाळा आलाय हो. खरं बोलायचाही कंटाळा आलाय.

महामाया — अन् राजीनामा कुणाकडं टाइप करणार? माझ्याकडंच?

विनीता — हसवू नका.

महामाया — मी हसून न्हाई राहिले. मॅडम, एक विचारते. तुमी दोन वर्षं गप बसलात. मग आत्ताच का तक्रार केली? अजून महिना काढला असता, सुटला असतात.

विनीता — मी सुटले असते. मुग्धा नसती सुटली. नवीन लागली आहे, तेवीस वर्षांची. मागच्या सोमवारी शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं. मी गेटपाशी उभी राहिले ती बाहेर येईपर्यंत. चाळीस मिनिटं. बाहेर आली, माझ्याकडं न बघता गाडीला किक मारत राहिली. गाडी चालू होईना. किल्ली लावलीच नव्हती तिनं.

महामाया — तिला मालूम हाय, तुमी तक्रार केली ते?

विनीता — आता सगळ्यांनाच माहीत आहे. काल तिनं मला मेसेज केला. 'मॅडम, तुमचं काय होतंय ते बघून मी ठरवीन.'

महामाया — असं म्हणाली?

विनीता — असंच. आणि मी उत्तर दिलं नाही. काय देणार?

महामाया — संगमेश्वर, तो ड्रायव्हर टाकायला किती वेळ लागंल?

संगमेश्वर — तासभर. पण अक्का, फाँट उडणार. अन् ह्या बारीला बसंलच याची गॅरंटी मी देत न्हाई. कंपनीनं जुन्याचा सपोर्ट बंद केलाय.

महामाया — उडू दे.

संगमेश्वर — उद्या नऊ वाजता दोन वकील येणार हायत तुझ्याकडं.

महामाया — येऊ दे. त्यांना बी सांगते, काय झालंय ते. अन् ते अकरा फ्लेक्स मला दाखव, एकेक करून. कुणाकुणाचे कागद हायत ते मीच ओळखीन. घरी जाऊन सांगावं लागंल. आधी तारामतीबाईकडं जाते.

संगमेश्वर — शिव्या घालतील, अक्का.

महामाया — मग घालतील. तू मशीन बंद कर, अन् त्या कपाटातला कागद घे. रेघांचा नको, कोरा घे. तू लिही, माझं हातचं अक्षर पार गेलंय. मी सांगते तसं लिही.

विनीता — ताई, नीट विचार करा. आनंदराजांना विचारा तरी.

महामाया — आनंदराजला मी नणंदेचं न्हाई सांगितलं, हे काय सांगते? लिही रे. 'लिहून देणार, महामाया आनंदराज सोनकांबळे, वय सेहेचाळीस, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर.'

संगमेश्वर — सेहेचाळीस... लातूर. धंदा?

महामाया — टायपिंग.

संगमेश्वर — लिहिलो. पुढं?

महामाया — 'कारणे लिहून देते की, श्रीमती विनीता मॅडम यांनी माझेकडे टंकलेखनास दिलेला तक्रारीचा मजकूर त्यांनी कोणासही दिलेला अगर दाखविलेला नसून, तो माझे दुकानातील...'

संगमेश्वर — '...दुकानातील मशीनच्या ड्रायव्हरमधील दोषामुळे बाहेर गेला.' असं लिहितो. बरोबर?

महामाया — अर्धं बरोबर. लिही, 'दोषामुळे, व सदर दोषाची सूचना मला सात महिन्यांपूर्वी मिळूनही मी दुरुस्ती करून न घेतल्यामुळे.'

विनीता — ते नाही लिहिलं तरी चालेल मला. माझ्या खुलाशाला तेवढं नाही लागत.

महामाया — तुमच्या खुलाशाला न्हाई लागत.

संगमेश्वर — अक्का, हे स्वतःच्या हातानं कशाला? कुणी विचारलं न्हाई.

महामाया — ते विचारतील. आज न्हाई तर सुनावणीत. तवा मी खोटी पडले की माझ्यासंगं मॅडमबी खोट्या पडतेत, अन् ती मुग्धाबी. लिही तू. एका ओळीत लिही, खाडाखोड नको.

संगमेश्वर — लिहिलो. 'सदरचा मजकूर मी वाचून, समजून...'

महामाया — हाव. 'राजीखुशीने व कोणाचेही दबावाशिवाय लिहून देत आहे.' तारीख टाक. साक्षीदार म्हणून तुझं नाव खाली. गुंडप्पाला यात ओढू नको, त्या बिचाऱ्याला काय मालूम?

विनीता — सही झाली की मी निघते, ताई.

महामाया — हाव. चाराची जीप धरा, पाचाच्या आत पोचसाल. पोच घेतल्याबगर कागद देऊ नका, शिक्का बगून घ्या.

संगमेश्वर — झालं, अक्का. कर सही.

महामाया — पेन्सिलीनं फुली मार तिथं, बाबा. सही कुठं करायची, मला दिसून न्हाई राहिलं.